एस-100 ची स्लाइड कुष्ठरोगाचा निकाल देत नाही

सध्या एक दावा बराच फिरतो आहे: ‘बायोप्सीवर एस-100 रंगक्रिया केली की कुष्ठरोगाचा निकाल लागतो. मज्जातंतू दिसला नाही तर रोग आहे, दिसला तर नाही. जंतूंसाठी वेगळी स्लाइड नको.’ एस-100 हे मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींतले प्रथिन; ही रंगक्रिया ते रंगवून दाखवते. ती कामाची आहे, पण तिच्या तोंडी भलतेच घातले आहे.

‘दिसला नाही तर रोग आहे.’ आधी विचारा, तुकडा किती खोल होता? मज्जातंतूंच्या जाडसर जुड्या त्वचेच्या खालच्या थरात, चरबीलगत असतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात त्या नसणारच. चट्ट्याच्या सक्रिय कडेवरून, चरबीपर्यंत पोचणारा 4 ते 6 मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) हवा. मग बाह्यत्वचा पाहा. तिथल्या मेलॅनोसाइट (रंगद्रव्य बनवणाऱ्या) आणि लँगरहान्स (रोगप्रतिकारक) पेशींतही एस-100 असते. त्याच रंगल्या नसतील तर रंगक्रिया फसली आहे; अशा स्लाइडवर मत देऊच नये.

खरा पुरावा ‘नाही’ यात नसून ‘कसा आहे’ यात असतो. कुष्ठरोगाच्या ट्युबरक्युलॉइड (कमी जंतूंच्या) प्रकारात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचा पुंजका, मज्जातंतूच्या दिशेने लांबट पसरतो आणि त्याच्या पोटात तपकिरी ठिकऱ्या दिसतात: श्वान पेशींचे उरलेसुरले अवशेष. सार्कॉइड या मिळत्याजुळत्या दिसणाऱ्या आजारात मज्जातंतू सहसा ग्रॅन्युलोमाच्या बाहेर, शाबूत असतो. एक फसवणूक मात्र नेहमीची: ग्रॅन्युलोमातल्या फांद्याफांद्यांच्या डेंड्रायटिक पेशीही एस-100 ने रंगतात आणि ठिकऱ्यांसारख्या भासतात. सावळ्या त्वचेत त्वचेचे मेलॅनिन आणि रंगक्रियेतल्या डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात. तिथे लाल रंग देणारे एईसी हे रसायन बरे.

‘दिसला तर रोग नाही’ हे जास्त घातक. लेप्रोमॅटस (भरपूर जंतूंच्या) प्रकारात मज्जातंतूचा आकार बराच काळ टिकतो, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढतात, आणि जंतू आत श्वान पेशींतच असतात. शिवाय एस-100 श्वान पेशी दाखवते, त्यांच्या आतला संदेशवाहक अ‍ॅक्सॉन नाही. त्यासाठी न्यूरोफिलामेंट किंवा पीजीपी 9.5 ही रंगक्रिया लागते, आणि संवेदना उरली आहे का हे यातले काहीच सांगत नाही. ते नायलॉन तंतू चट्ट्यावर टेकवूनच कळते.

‘जंतूंसाठी वेगळी स्लाइड नको.’ हवीच, आणि तीही फाइट-फराको पद्धतीची. कुष्ठजंतूंची आम्लरोधकता (आम्लातही रंग धरून ठेवण्याची क्षमता) क्षयजंतूंपेक्षा कमी, म्हणून नेहमीच्या झील-नील्सन रंगक्रियेतल्या आम्ल-अल्कोहोलने त्यांचा रंग धुऊन जाऊ शकतो. फाइट-फराकोत तुकड्यातले पॅराफिन मेण काढायला दोन भाग झायलीन आणि एक भाग शेंगदाणा तेल वापरतात, म्हणजे जंतूचे मेणचट आवरण टिकते. पुढे कार्बोल फुक्सिन हा लाल रंग, रंग उतरवायला 5% सल्फ्युरिक आम्ल, शेवटी मिथिलीन ब्लू. मग अल्कोहोलमधून न नेता स्लाइड हवेत वाळवायची. घाईत अल्कोहोल वापरले की नेमके मोजकेच असलेले जंतू फिके पडतात. ट्युबरक्युलॉइड प्रकारात तर ते इतके विरळ असतात की सगळे नीट करूनही स्लाइड कोरी निघते. तेव्हा एस-100 चे ते लांबट, ठिकऱ्यांचे चित्र आणि बधिर चट्टा एकत्र धरूनच निदान करावे लागते.