पापांचं दरपत्रक? नाही गं मामी

काल रात्री मामीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "खरं का रे हे?" मजकूर असा: चर्चने 1215 साली कन्फेशन, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली, काढलं, पाद्री अंधाऱ्या खोक्यात बसून दरपत्रकाप्रमाणे पैसे घ्यायचा, माफी द्यायचा आणि ऐकलेली गुपितं राजाला पोचवायचा. मामीच्या शेजारी वसईच्या कॅथलिक मावशी राहतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनीही हे वाचलं असणार, म्हणून डोकं फिरलं.

आधी गुपितांचं, कारण सगळ्यात घाणेरडा आरोप तोच. 1215 चा दाखला देणाऱ्याने त्याच वर्षीच्या चौथ्या लॅटरन परिषदेचा, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मसभेचा, एकविसावा नियम तरी वाचायचा! प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या पाद्र्यापुढे पापं कबूल करावीत, असं त्यात आहे. पाद्र्याने निष्णात वैद्यासारखं जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावं, पाप कुठल्या परिस्थितीत घडलं ते नीट विचारावं. आणि शब्दाने, खुणेने, कसंही गुपित फोडलं तर? पाद्रीपद जाईल, वर कडक मठात कोंडून जन्मभर प्रायश्चित्त. नियम कुणी मोडलाच नसेल असं मी म्हणत नाही. पण ही व्यवस्थाच हेरगिरीसाठी होती, हे धादांत खोटं आहे.

खोकं मध्ययुगातलं नव्हेच. ते सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी रूढ केलं. त्याआधी पाद्री चर्चमध्ये उघड्यावर बसायचा, माणूस समोर गुडघे टेकायचा.

1215 चा शोधही नाही. खासगी कबुलीची पद्धत आयरिश मठांमध्ये सहाव्या शतकातच होती. त्यांच्या पुस्तकांत पापांच्या याद्या खरोखर आहेत, पण समोर रक्कम नाही, उपासाचे दिवस आणि वर्षं आहेत: नुसती भाकरी आणि पाणी. पुढे उपासाऐवजी दानधर्म किंवा पैसे चालू लागले, हे मान्य.

आणि हो, इंडल्जन्स, म्हणजे चर्चची शिक्षेतल्या सुटीची पत्रं, विकले गेले, तेही मान्य करावंच लागेल. जर्मन धर्मोपदेशक योहान टेट्झेलच्या विक्रीवरूनच 1517 मध्ये प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर भडकला. पण इंडल्जन्स म्हणजे पापाची माफी नव्हे. माफी मिळाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेतली ती सूट. टेट्झेलसारख्यांनी लोकांना हा फरक कळू दिला नाही, हा दोष त्यांचाच.

मामी, ग्रुपवर तूही तो फॉरवर्ड पुढे पाठवला असशील तर आजच काढून टाक, आणि मावशींशी एकदा बोल.