त्रेवी कारंज्याचे पाणी आणि नाणी

रोमच्या त्रेवी कारंज्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा नाण्यांपाशी सुरू होऊन नाण्यांपाशीच संपते: पाठमोरे उभे राहून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की रोमला पुन्हा येणे घडते. मला मात्र मनापासून वाटते की या कारंज्याची ओळख आधी त्याच्या पाण्यावरून करून द्यायला हवी.

इ.स.पू. १९ मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पाने ‘अक्वा व्हिर्गो’ हा सुमारे २० किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधून पाणी रोममध्ये आणले. त्याचा बराचसा भाग जमिनीखालून जात असल्यामुळे इतर जलमार्ग मोडकळीस आले तरी तो तगून राहिला, आणि १४५३ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी त्याची डागडुजी करवली. याच जलमार्गाच्या शेवटाशी असलेले आजचे कारंजे त्यानंतर बऱ्याच काळाने झाले. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३२ मध्ये वास्तुकार निकोला साल्वी याच्याकडे काम सोपवले आणि खर्चासाठी लॉटरीचा पैसा वापरला. साल्वी १७५१ मध्ये वारला. काम पुरे झाले १७६२ साली.

मधोमध उभ्या असलेल्या सागरदेव ओशनसच्या भव्य मूर्तीवर नजर खिळते, हे खरे; पण तिच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला असलेले शिल्पपट जरूर पाहावेत. एकात अग्रिप्पा जलमार्गाच्या आराखड्याला संमती देतो आहे, तर दुसऱ्यात एक तरुणी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे. पाणी कुठून आणि कसे आले, हे कारंजे स्वतःच सांगते. आपण ते वाचत नाही, याची मला खंत वाटते.

जुन्या प्रथाही पाण्याच्याच होत्या. रोम सोडण्यापूर्वी इथले पाणी प्यायले तर परतणे होते, ही समजूत नाण्यांच्या आधीची. एका कडेला ‘प्रेमिकांचे कारंजे’ म्हणून एक लहानसे कारंजे आहे. परगावी निघालेल्या प्रियकराला तरुणी तिथले पाणी कोऱ्या पेल्यातून पाजत असे आणि मग तो पेला फोडून टाकत असे.

नाण्यांना माझा विरोध नाही. ती नियमितपणे गोळा करून ‘कारितास’ या कॅथलिक सेवासंस्थेकडे गोरगरिबांसाठी सोपवली जातात आणि ही रक्कम वर्षाला १० लाख युरोंहून अधिक भरते. नाणे टाकण्याची रीत सांगणाऱ्यांनी निदान एवढे तरी सोबत सांगावे.