ते झुरळ मी होतो

सकाळी चहा पिताना एक रील पाहिलं आणि डोकं फिरलं. कॉन्सर्ट चालू आहे, काळ्या टी-शर्टातला एक पोरगा रांगत स्टेजवर येतो, गिटारवाल्याच्या पायाशी काहीतरी खुडबुड करतो आणि तसाच रांगत परत जातो. खाली कमेंट्स काय, तर 'हे झुरळ कुठून आलं?' आणि हजारभर लोक खदाखदा हसतायत.

अरे बाबांनो, ते झुरळ तुटलेली केबल बदलायला आलं नसतं तर पुढचं अख्खं गाणं गिटारशिवाय ऐकलं असतंत.

एवढं लागायचं कारण, मीही ते झुरळ होतो. 1 फेब्रुवारी 2008, बीकेसीचं मैदान, ब्रिटिश मेटल बँड आयर्न मेडन. अख्खी वर्ल्ड टूर आपल्या मुंबईतून सुरू झाली होती. बोइंग 757 घेऊन आले होते, मागच्या सीट काढून सामानाला जागा केलेली, आणि वैमानिक कोण, तर गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः! जो तो त्या विमानाबद्दल बोलत होता. पेट्या ढकलणाऱ्या लोकल क्रूला कोण विचारतो?

दुपारी मी एक लांबलचक केबल गुंडाळत होतो. आपण धुण्याची दोरी गुंडाळतो तशी, कोपर ते पंजा, कोपर ते पंजा. पांढऱ्या दाढीचा एक गोरा टेक्निशियन आला, एक शब्द न बोलता माझ्या हातून केबल घेतली, टोक धरलं आणि बाकीची फेकली. नुसता गुंता. मग त्याने स्वतः गुंडाळली. एक वेटोळं सरळ, पुढचं मनगट वळवून उलट. पुन्हा फेकली, तर फूटपट्टीसारखी सरळ गेली! मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यू."

बारा वेळा केलं. तेराव्यांदा त्याने होकारार्थी मान डोलावली आणि गेला.

कोपरावर गुंडाळलं की आतल्या तारांना पीळ बसतो. आज नाही, पण कधीतरी भर शोमध्ये तार तुटते. मग कुणाला तरी रांगत जावं लागतं, आणि तुम्ही त्याचं रील करता.

हो, मान्य, दहा हजारांचं तिकीट काढणाऱ्याला मध्येच कुणी तडमडलेलं खुपणार. खुपू दे.

आता चिडलोच आहे तर बोलतो. नंतरच्या एका शोला ट्रसवर, म्हणजे लाइट टांगायच्या उंच सांगाड्यावर, चढणारे तिघे आणि पडू नये म्हणून बांधायचा हार्नेस एक. जेवण म्हणून दोन वडापाव, तेही दुपारी चारला. ठेकेदार म्हणाला, पैसे पुढच्या आठवड्यात. तो आठवडा अजून यायचाय. मेडनच्या त्या म्हाताऱ्याने निदान केबलची तरी किंमत ठेवली होती. आमच्याकडे केबल तुटली तर पगारातून कापायचे, माणूस पडला तर 'बघून चढायचं ना!'

(रात्री दहाला आवाज बंद, यावर गळे काढणाऱ्यांनी इथे येऊ नये. आवाजाच्या नियमापायी रंगभवन हे खुलं थिएटर गेलं याचं मलाही वाईट वाटतं, तिथेच आय-रॉक या रॉक फेस्टिव्हलला पहिल्यांदा स्पीकर उचलला होता. पण शेजारी हॉस्पिटलं आहेत, काय बोलणार?)

जाऊ दे. खरं सांगू का, आठवतं ते वेगळंच. शो संपल्यावर पब्लिक गेलेलं, मैदानभर बाटल्या आणि एकेकट्या चपला, मागे जनरेटरची घरघर. आमच्यातले एक काका लालबागचे, जन्मभर गणपतीचे मांडव बांधलेले. अँपची पेटी ट्रकमध्ये चढवताना म्हणाले, "मेडन असो नाहीतर मंडळ, वजन तेच रे बाळा. हात लाव." पहाटे ट्रकच्या फाळक्यावर बसून भुर्जीपाव खाल्ला. कानात शिट्टी वाजत होती, काका काय बोलत होते ते निम्मं ऐकूच आलं नाही.

हे लिहिता लिहिता ते रील पुन्हा पाहिलं, चार-पाच वेळा. केबल बदलून परत जाताना तो पोरगा काळोखात, गुडघ्यांवरच, जुनी केबल गुंडाळतोय. एक वेटोळं सरळ, एक उलट.