आवाज जाड केला म्हणजे ओळख लपली का?

आज सकाळी एका कम्युनिटी रेडिओवर घरगुती हिंसाचारावरचा कार्यक्रम ऐकला आणि डोकंच फिरलं. बाईचं नाव बदललेलं, आवाज सॉफ्टवेअरने जाड केलेला. आणि निवेदिका सांगतेय, नवऱ्याचं स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान, दोन मुली, माहेर शेजारच्याच गावात. मग लपवलं काय?

अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण १०० वॅटचा, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. तेवढ्या टापूत स्टँडजवळ हार्डवेअरची दुकानं असतात किती? बलात्कार पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मारहाणीच्या प्रकरणात ते कलम लागत नाही म्हणून काय वाट्टेल ते सांगायचं?

पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, बदलणं हे संरक्षण नव्हेच. बदललेली पिच पुन्हा खालीवर करून मूळ आवाजाच्या जवळ जाता येतं, आणि बोलण्याची ढब तर तशीच राहते. तिचं बोलणं लिहून काढा, दुकान, मुली, माहेर गाळा, दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या आणि तसं श्रोत्यांना सांगा. मान्य, मूळ आवाजातला कंप त्यात येत नाही. नाही आला तर नाही आला!

संमतीचंही तेच. फॉर्मवर सही घेतली की झालं, असं नसतं. कार्यक्रम कधी लागेल, पुन्हा कधी लागेल, क्लिप व्हॉट्सॲपवर फिरू शकते, हे आधी सांगायचं. एडिट झाल्यावर हेडफोनवर ऐकवून परत विचारायचं. नको म्हणाली तर नको.

त्या निवेदिकेवर राग नाही माझा. तळमळीने बोलत होती पोरगी. तिला रेकॉर्डर चालवायला आणि ट्रॅक कापायला तेवढं शिकवलेलं दिसतं. म्हणून तिने विचारलं, "इतकी वर्षं सहन का केलंत?" विचारायला हवं होतं, "मदत मागायला आधी कुठे गेलात? तिथे काय सांगितलं?" २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न, असं लिहिलंय. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी भेटले का, तारीख कधी पडली, हे विचारलं की जाब बाईला नाही, यंत्रणेला द्यावा लागतो.

शेवटी महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर सांगितला, तोही एकदाच, संगीताखाली दबलेला. संगीत बंद करा, "एक-आठ-एक" सावकाश दोनदा म्हणा, आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हेही सांगा. आणि फोन झाल्यावर नंबर कॉल लिस्टमधून पुसायला सांगा. मोबाइल घरात सगळेच हाताळतात.