मोठी झाल्यावर कार होणार का ही?

छोटी इलेक्ट्रिक कार घेतली की लोक रेंज विचारतील, किंमत विचारतील अशी माझी समजूत होती. कसलं काय. मुंबईत पहिला प्रश्न येतो तो "ह्याला लायसन्स लागतं का हो?" हा प्रश्न मला सिग्नलला रिक्षावाल्यांनी विचारलाय, मुलुंड स्टेशनबाहेरच्या भाजीवालीने विचारलाय, आणि हवा भरायला पंपावर गेले तर पीयूसी काढणाऱ्या पोराने आधी हात करून बोलावलं, इलेक्ट्रिक आहे म्हटल्यावरही त्याचं समाधान झालं नाही, मागे वाकून सायलेन्सर शोधत बसला बिचारा. शेवटी म्हणतो, मॅडम, मोठी झाल्यावर कार होणार का ही?

लायसन्सची भानगड अशी आहे की २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या ई-स्कूटरला रजिस्ट्रेशन आणि लायसन्स लागत नाही, ते लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि चार चाकं असली तरी आकार बघून मला त्याच रांगेत उभं करतात. माझ्या गाडीला रीतसर नंबर आहे, हिरवी पाटी पांढरी अक्षरं, इन्शुरन्स आहे, सगळं आहे. फक्त लांबी नाही.

आणि स्पीड नाही, असं माझे मोठे दीर म्हणतात. भाऊजी घोडबंदरला राहतात, त्यांच्याकडे भलीमोठी एसयूव्ही आहे. "अगं, ऐंशीच्या वर दम लागतो म्हणजे ती काय गाडी झाली?" आता घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने ऐंशीच्या गप्पा माराव्यात याला धैर्य लागतं. गायमुखच्या घाटात ट्रक अडकला की भाऊजी तिथूनच व्हिडिओ कॉल करतात, मागे हॉर्न चालू, इंजिन चालू, पेट्रोल चालू, गाडी तेवढी बंद. पण त्यांचं म्हणणं, कधीतरी रोड मोकळा मिळाला तर? ह्या "तर"साठी त्यांनी किती लाख घातलेत ते मी विचारत नाही, मोठे आहेत.

त्यांचा दुसरा मुद्दा असा की हे असलं खेळणं आधीही येऊन गेलंय. तेही खरंय म्हणा. बंगळुरूची रेवा नावाची इलेक्ट्रिक कार २००१ मध्येच आली होती, दोन दारांची, आत लेड-ॲसिड बॅटऱ्या, आपल्याकडे लोकांनी बघून हसून घेतलं आणि तिकडे लंडनमध्ये जी-विझ नावाने बऱ्यापैकी खपली, कारण तिथे २००३ पासून शहराच्या मध्यात गाडी न्यायची तर पैसे द्यावे लागायचे आणि इलेक्ट्रिकला ते माफ होते. म्हणजे तिथेही लोकांनी स्पीड बघून नाही घेतली, हिशोब करून घेतली. मीही तेच केलं तर मी चेष्टेचा विषय.

माझं ऑफिस पवईला. मुलुंड ईस्टवरून हायवे, मग जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग गांधीनगरचा सिग्नल, की मग आयआयटीपर्यंत रांगत. या रस्त्यावर सकाळी नऊला कुठलीही गाडी लो-स्पीडच असते, मग ती पाच लाखांची असो की पन्नास. उलट तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये माझी गाडी खूश असते. उभी असताना मोटर काहीच खात नाही, एसीला काय लागेल तेवढंच, आणि ब्रेक मारला की थोडं चार्जिंग परत येतं. खरी बॅटरी जाते ती रात्री मोकळ्या हायवेवर, कारण वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळे रस्ता मोकळा दिसला की मला टेन्शन येतं आणि जॅम दिसला की बरं वाटतं. हे मी ऑफिसात बोलत नाही.

आता दोन दारांचं. मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरायचं असतं, त्याला एक तंत्र आहे, सासूबाईंना ते जमतं, नवऱ्याला जमत नाही. गेल्या गणपतीत भाऊजींची गाडी परळच्या त्या गल्लीत शिरेना म्हणून मूर्ती माझ्या गाडीतून आणायची ठरली. शाडूची मूर्ती, चांगली वजनदार, ती पुढच्या सीटवर पाटासकट ठेवली, नवरा मागे गुडघे हनुवटीला लावून मखराची पिशवी धरून, आणि गाडी सुरू केल्याबरोबर टुंग टुंग टुंग. सीटला वजन कळतं ना, बेल्ट लावा म्हणते. मग बाप्पाला बेल्ट लावला, तो सोंडेवरून जाणार नाही अशा बेताने. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे गल्लीत पुढची माणसं बाजूला होत नव्हती, हॉर्न मारवत नव्हता, शेवटी नवऱ्याने खिडकीतून "मोरया" ओरडायला सुरुवात केली आणि रस्ता मिळाला. गल्लीबाहेर पडल्यावर भाऊजी मागून त्यांच्या गाडीतून फोनवर सांगत होते, हळू चालव, हळू चालव. तेव्हा स्पीडोमीटर पंधरावर होता.

पावसाचं थोडक्यात सांगते. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाणार नाही. पण ती टेस्ट स्वच्छ, शांत पाण्यातली, सांताक्रूझच्या मिलन सबवेत तुंबलेल्या पाण्यातली नव्हे. फुटपाथ दिसेनासा झाला की मी ट्रेनने जाते.

खरं घोडं पेंड खातं ते चार्जिंगला. रोजच्या येण्याजाण्याला तीनेक युनिट लागतात, म्हणजे साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाभराचं काम. तो सॉकेट बिल्डिंगखालच्या स्टिल्टमधल्या माझ्या पार्किंगच्या खांबावर बसवायला सोसायटीने जे केलं त्यावर पीएचडी होईल. लोड किती? गिझरपेक्षा थोडा जास्त. सकाळी सातला बिल्डिंगमधले सगळे गिझर एकदम चालतात तेव्हा कोणी जनरल बॉडी बोलवत नाही, पण माझ्या एका प्लगने लिफ्ट बंद पडेल, आग लागेल आणि मुख्य म्हणजे "उद्या सगळेच मागतील" हे तीन धोके मिनिट्समध्ये गेले. मी ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या गाइडलाइन्सची प्रिंट नेली, त्यात घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. सेक्रेटरीकाका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ते दिल्लीत झालं. इथे कमिटी आहे."

तोपर्यंत मी आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून चार स्क्वेअर एमएमची जाड वायर, एमसीबी म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच लावून, इलेक्ट्रिशियनकडून व्यवस्थित बांधून खाली सोडली. चार दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्यावर चादर वाळत घातली. "एवीतेवी वायर आहेच ना गं." आणि वॉचमन रात्री माझा प्लग काढून ठेवायचा, का तर लाल दिवा लुकलुकतो आणि त्याला झोप येत नाही. वॉचमनला. रात्री.

शेवटी चादर बघून कमिटीला अपघाताची भीती वाटली आणि एनओसी मिळाली. सबमीटर माझ्या खर्चाने, वायरिंग माझ्या खर्चाने, वर डिपॉझिट. पहिल्या महिन्यात युनिट जास्त दिसले म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर वॉचमनच्या केबिनचा पंखा आणि ट्यूब माझ्याच सबमीटरवर निघाली. काकांना विचारलं तर म्हणाले, खांब तोच आहे, जवळ पडलं, पुढच्या मीटिंगला घेऊ. मी पण तो विषय आता लावून धरत नाही, कारण माझ्या प्लगकडे कोणी नुसतं बघितलं तरी वॉचमन खुर्चीतून उठून ओरडतो. पंखा बंद पडतो ना त्याचा.