बाबांची फियाट आणि आजचं पेट्रोल

दर वेळी तेच! पंपावर बाबांची फियाट उभी केली की सुरू, 'काका, प्रीमियम टाकूया, जुन्या गाडीला चांगलं.' अरे, प्रीमियममध्ये ऑक्टेन जास्त, म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटत नाही, एवढंच; ते काय घेऊन बसलात, माझा प्रश्न पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलचा आहे! २० टक्के इथेनॉल त्या काळच्या रबरी पाइपांना, गाडीतल्या इंधन पंपाच्या डायफ्रामला, म्हणजे आतल्या लवचीक पडद्याला झेपणार कसं? वर्षात दोनदा पाइप बदलले, आणि पावसाळ्यात तर गाडी महिना महिना शेडमध्ये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या गोव्याच्या हवेत पाणी कमी आहे का, टाकीला आतून गंज! २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं तेही सोसलं तिने. पण बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल मागायचं कुठे? म्हापशात विचारा, पर्वरीत विचारा, नाही म्हणजे नाही. मेकॅनिक म्हणतो विकून टाका. विकू? आईला लग्न करून ह्याच गाडीतून घरी आणलंय!