हवा लागली म्हणून रक्त गोठत नाही

आमच्या लालबागच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘हवा लागली की रक्त गोठतं, म्हणून जखम दाबू नका, उघडी ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळीने रक्ताचं पाणी होतं. ती सोडा, रोज पालकाचा रस प्या.’ मी लॅबमध्ये दिवसभर रक्तच काढतो, त्यामुळे राहवलं नाही.

आधी हवेचं. लाल झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त झाकण न उघडताही अर्ध्या तासात गोठतं. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं. ती उघडी करून पंख्याखाली ठेवली तरी रक्त गोठत नाही. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी अडते. रक्तपेढीची पिशवीही याच युक्तीवर टिकते.

विळीने बोट कापलं की आधी रक्तवाहिनी आक्रसते. फाटलेल्या भिंतीतल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला प्लेटलेट्स (रक्तातल्या बारीक पेशी) चिकटतात, आणखी प्लेटलेट्सना बोलावतात, भोक बुजवतात. पण हे बूच कच्चं. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी त्यातलंच थ्रॉम्बिन फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणतं, तेव्हा ते पक्कं होतं. या रांगेतलं ‘फॅक्टर ८’ हे प्रथिन कमी पडलं की हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार. म्हणून स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं धरा. मधेच उचलून ‘थांबलं का’ बघितलंत तर नुकतं विणलेलं जाळं फडक्याबरोबर निघून येतं. (हे मी घरी आईला शंभरदा सांगितलंय. ती तरी बघतेच.)

आता गोळी. ‘पातळ’ हा शब्दच फसवा. ॲस्पिरिनने रक्ताचा घट्टपणा बदलत नाही, प्लेटलेट्सची एकमेकींना चिकटायची ताकद कमी होते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, ॲस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम (चिकटायला मदत करणारं प्रथिन) ती नव्याने बनवू शकत नाही, म्हणून तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर हा परिणाम राहतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता अशी गोळी सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो.

पालकाचा रस तर उलटाच. वॉरफेरिन हे ‘पातळ’ करणारं दुसरं औषध गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचा वापर अडवून काम करतं, आणि पालकात व्हिटॅमिन के भरपूर. एकदम रोज पेलाभर रस सुरू केला तर औषधाचा जोर ओसरतो आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) खाली येतो, म्हणजे गुठळीचा धोका वाढतो.

गंमत म्हणजे, मेसेज टाकणारे काका स्वतःच वॉरफेरिन घेतात आणि दर महिन्याला निळ्या झाकणाच्या नळीतली आयएनआरची टेस्ट करायला माझ्याकडे येतात. या खेपेला आधी रसाचं विचारणार आहे.